कॅमेरा घडवणाऱ्या गावाचा महोत्सव

पुरस्काराला कोणाचे नाव द्यायचे हे ठरवताना संयोजक बहुधा देणगीदाराकडे पाहतात, नाहीतर सगळ्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या चेहऱ्याकडे. कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने नात्यातल्या दोन भावांकडे पाहिले. एक बाबूराव पेंटर, दुसरे आनंदराव पेंटर. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी हा महोत्सव भरवते आणि त्यातल्या मानाच्या पुरस्कारांना या दोघांची नावे आहेत. बाबूरावांचे नाव सिनेमाची आवड असलेल्या कुठल्याही मराठी माणसाने ऐकलेले असते. आनंदरावांचे नाव मात्र कोल्हापूरच्या वेशीबाहेर फारसे निघत नाही. ते १९१६ साली गेले. ज्या कॅमेऱ्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले तो पुरा झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही, मग त्यावर टिपलेला चित्रपट तर दूरच. ज्याच्या खात्यावर एकही चित्रपट नाही अशा कारागिराच्या नावाने सिनेमावाल्यांचा सन्मान करणारा दुसरा महोत्सव माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून या महोत्सवाचा इतिहास वाचायला घेण्यापूर्वी पहिल्या आवर्तनाच्याही मागे, या दोन नावांपर्यंत जायला हवे.

दोघे मेस्त्री घराण्यातले. लाकूड, धातू, रंग, माती, कशावरही हात चालणारी माणसे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती मोठी होती आणि त्या कामातूनच ‘पेंटर’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहून अनेकांना वेड लागले. या दोघांना मात्र चित्रपट काढण्याच्या आधी तो काढणारे यंत्र बनवण्याचे वेड लागले. फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या या कारागिरांकडे लंडनला जाण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या बाजारातून जुना प्रोजेक्टर आणला आणि तो खोलून बसले.

इथे थोडे थांबून त्या यंत्राकडे नीट पाहावेसे वाटते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा आतून सख्खे भाऊच. फिल्मची पट्टी त्यातून सरळ धावत नाही. ती एक चौकट पुढे सरकते, क्षणभर भिंगासमोर थांबते, पुन्हा सरकते. सरकताना पाते आड येते, थांबल्यावर ते बाजूला होते. हे सगळे सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा घडायला हवे, तेही हाताने दांडा फिरवून. पट्टीच्या कडेला असलेल्या भोकांत अडकणारा आकडा, दातेरी चाके, फिरते पाते यांच्या मेळात केसभर फरक पडला तर पडद्यावरचे चित्र थरथरते. कॅमेऱ्याला शिवाय आणखी एक अट असते: त्याच्या पेटीत प्रकाशाचा कवडसाही शिरता कामा नये. हाताशी नकाशे नाहीत, विचारायला तज्ज्ञ नाही, तयार सुटे भाग नाहीत. कानस, लेथ आणि डोळा यांच्या भरवशावर हे काम चालले होते. आनंदराव अर्ध्यावर गेल्यावर कोणीही हात टेकले असते. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ साली कॅमेरा पुरा केला. त्याआधीच, १ डिसेंबर १९१७ रोजी, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकरांनी. कोल्हापूरच्या सिनेमाच्या मुळाशी एका गाणाऱ्या बाईचा पैसा आहे ही गोष्ट जितक्यांदा सांगावी तितकी थोडीच आहे. खरी कॉर्नरला उभारलेल्या कॅमेरा स्तंभाला १ डिसेंबरला अभिवादन करण्याची प्रथा गावात आहे. सिनेमासाठी इतरत्र नटांचे पुतळे उभे राहतात; इथे चौकात यंत्र उभे आहे.

‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ज्यांच्या नावाने आज पुरस्कार दिला जातो त्यांना मिळालेला हा पहिला मोठा मान. तो कुठल्या परीक्षक मंडळाकडून आला नाही, एका प्रेक्षकाकडून आला. तो प्रेक्षक टिळक होते हा भाग वेगळा. चित्रपटातला कीचकवध इतका खरा वाटे की पाहणारे भेदरून जात.

बाबूराव पटकथा शब्दांत लिहीत नसत, प्रसंग चितारत असत. कोण कुठे उभा राहील, उजेड कुठून पडेल, अंगावर कुठले वस्त्र असेल हे आधी कागदावर रेखाटले जाई आणि मग कॅमेऱ्यासमोर येई. रंगवलेल्या सपाट पडद्यांवर आयुष्याची सुरुवात केलेल्या या माणसाने चित्रपटात मात्र सपाट पडदे काढून टाकले आणि खोली असलेले, फिरता येतील असे सेट उभे केले. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, कारण तानाजीची चढाई रात्रीची होती. चित्रपटाची माहितीपुस्तिका आणि भित्तिपत्रक यांचा पायंडाही त्यांनीच पाडला. आज महोत्सवात गळ्यात ओळखपत्र अडकवून हातातल्या पुस्तिकेत पुढचा चित्रपट शोधणारा माणूस नकळत बाबूरावांनीच लावलेली सवय पाळत असतो.

आणि मग १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. देवादिकांच्या आणि ऐतिहासिक चित्रपटांचा जमाना जोरात असताना जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाऊन पडणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी सांगितली. तो तरुण शेतकरी झाले होते शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. मंद उजेडात टिपलेली एक भकास झोपडी आणि तिच्यासमोरचे विव्हळणारे कुत्रे हे दृश्य चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांना कित्येक वर्षांनीही विसरता आले नव्हते. मूकपट होता, तरी त्यांच्या मनात ते विव्हळणे ऐकू येत राहिले.

हा चित्रपट आज आपल्याला पाहता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. १९३६ साली बाबूरावांनीच तो पुन्हा बोलपट म्हणून केला, पण १९२५ चा मूळ मूकपट गेला तो गेलाच. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाकी मूकपटांचीही तीच गत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे जे काही भाग आहेत, तेवढेच हाती लागते. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती भसकन पेटे, उष्म्याने सडे, आणि तिच्यातली चांदी काढून विकली जाई. ज्या दिग्दर्शकाच्या नावाने महोत्सव भरतो त्याची सर्वश्रेष्ठ मानली जाणारी कृती त्या महोत्सवाला कधीच दाखवता येणार नाही, हे दुःख या सोसायटीच्या कपाळी सुरुवातीपासून लिहिलेले आहे. मला वाटते, म्हणूनच इथे सिनेमा दाखवण्याच्या कामाला वेगळे वजन येते. दाखवला नाही, जपला नाही, तर सिनेमा नाहीसा होतो, हे या गावाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

चित्रपट गेले, माणसे मात्र घडून राहिली होती. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे सरळसरळ बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. फत्तेलाल तर कागलचेच, साहेबमामा म्हणून सगळ्यांचे. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात झाला आणि १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. कोल्हापूरकरांच्या मनात ती सल अजून आहे. माझ्या मते ती धरून बसण्यात अर्थ नाही, कारण जे पुण्याला गेले ते कोल्हापूरचे शिक्षण बरोबर घेऊन गेले.

त्याचा पुरावा व्हेनिसला सापडतो. व्हेनिसचा चित्रपट महोत्सव जगातला सर्वात जुना, १९३२ पासूनचा. १९३७ साली तिथे दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ गेला आणि जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. मुंबईत तो ५७ आठवडे चालला होता. एकीकडे देहूच्या वारकऱ्याची गोष्ट पाहायला येणारा साधा प्रेक्षक, दुसरीकडे मराठीचा एक शब्द न कळणारे युरोपातले परीक्षक. दोघांनाही तो भिडला. का भिडला याचे उत्तर मला नेहमी तुकारामांच्या बायकोत, आवलीत सापडते. ही भूमिका करणाऱ्या गौरीबाई प्रभातमध्ये हलकी कामे करीत असत, त्या काही शिकलेल्या नटी नव्हत्या. मूल आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती चिडून एका हाताने मुलाला ओढत आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन थेट विठोबापुढे जाऊन उभी राहते. देवाला जाब विचारणाऱ्या या बाईच्या चालण्यात, हाताच्या झटक्यात, पदर सावरण्यात कुठेही अभिनयाची खूण नाही. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आभाळाकडे पाहतो आणि गौरीबाईंची आवली चुलीकडे. दोन्ही खरे वाटतात, कारण भोवतीचे घर, अंगण, म्हैस, उजेड, सगळे खरे आहे. बाबूरावांच्या कार्यशाळेत शिकवले जात होते ते हेच. व्हेनिसचे सन्मानपत्र पुढे कित्येक वर्षे बेपत्ता होते. २००४ साली ते पुण्याच्या संग्रहालयात परत आले. आपण पुरस्कार मिळवतो आणि कागद हरवतो, ही सवय मात्र मोडायला हवी.

पुढे शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८ साली बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळाले. आपल्या काळात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ साली व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्तम चित्रपटाचा मान घेतला आणि २०२० साली ‘द डिसायपल’ने तिथल्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळवला. मराठीचे आणि आंतरराष्ट्रीय महोत्सवांचे नाते एवढे जुने आहे. ‘कोल्हापूर’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे दोन शब्द एका ओळीत आले की काही जणांना अवघडल्यासारखे होते, त्यांनी हा इतिहास एकदा आठवावा.

प्रभात गेल्यावर कोल्हापूर ओस पडले असेही नाही. राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन आली, शालिनी सिनेटोन आली. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सने वि. स. खांडेकरांच्या लेखणीला पडद्यावर आणले. भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ चालवला आणि तिथून सुलोचना, सूर्यकांत, चंद्रकांत अशी माणसे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ३१ जानेवारी १९४८ च्या सुमारास हा स्टुडिओ जळाला. तयार होत आलेला ‘मीठभाकर’ आगीत गेला. भालजींनी तो पहिल्यापासून पुन्हा उभा केला आणि १९४९ साली प्रदर्शित केला. ‘तांबडी माती’ला १९६९ चा मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि शांताराम व भालजी दोघेही दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी झाले. ज्या गावात एवढे मिळून गेले आहे तिथे नवा पुरस्कार सुरू करायला धाडस लागते, कारण मागचे सगळे तोलायला बसलेले असतात.

करणाऱ्यांचा हा इतिहास झाला. पाहणाऱ्यांचा इतिहास कोणी नीट लिहिलेला नाही, आणि महोत्सवाचा खरा संबंध त्यांच्याशी आहे. कोल्हापूर हे दणकून सिनेमा पाहणारे गाव. तालमीतून सुटलेली पोरे, गुऱ्हाळाचा हंगाम संपवून आलेली मंडळी, बायकांचे खास खेळ. एक पडदा असलेली चित्रगृहे एकेक करून बंद पडत गेली आणि या प्रेक्षकाचा अड्डा मोडला. मल्टिप्लेक्सने त्याला खुर्ची दिली, पण निवड काढून घेतली. आठवड्याला जे मुंबईहून ठरते तेच पाहायचे.

फिल्म सोसायटी ही चळवळ नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात ती रुजवली, १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले, पुण्यात आशय फिल्म क्लबने पिढ्या घडवल्या. सगळीकडची रीत साधारण सारखी: सभासदांची वर्गणी, वकिलातींकडून किंवा संग्रहालयाकडून आणलेले चित्रपट, भाड्याचे सभागृह, खेळानंतर चर्चा. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला. त्यात दाखवलेल्या इटालियन नववास्तववादी चित्रपटांनी इथल्या दिग्दर्शकांची दृष्टी कशी पालटली हे आपण जाणतो. बिमल रॉयांचा ‘दो बिघा जमीन’ लगेच पुढच्या वर्षी आला. पुण्याचा महोत्सव २००२ पासून जब्बार पटेलांच्या पुढाकाराने उभा राहिला. कोल्हापूरच्या सोसायटीने आपला महोत्सव या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू केला. दसरा चौकातले शाहू स्मारक भवन हे त्याचे एक ठिकाण. जागतिक चित्रपट, एखाद्या दिग्दर्शकाचे सिंहावलोकन, मराठी चित्रपटांसाठी ‘माय मराठी’, लघुपट, अशी त्याची मांडणी असते.

कान किंवा व्हेनिसला जगातला पहिला खेळ आपल्याकडे व्हावा यासाठी चढाओढ चालते. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या महोत्सवाला त्या शर्यतीत उतरायचे कारण नाही. त्याची कसोटी निवड. वर्षभरात जगात झालेल्या शेकडो चित्रपटांतून चाळीस-पन्नास असे निवडायचे, की आजऱ्याहून किंवा गडहिंग्लजहून एस. टी. ने आलेल्या विद्यार्थ्याला त्यातला एखादा आपल्याच गावचा वाटावा. इराणमधल्या खेड्याची वाट, तुर्कस्तानातल्या शेतकऱ्याचे कर्ज, कोरियातले भाड्याचे घर. ‘सावकारी पाश’च्या मातीत वाढलेल्या प्रेक्षकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. अडचण असते ती भाषेची. विदेशी चित्रपटाखाली इंग्रजी ओळी धावतात. इंग्रजी भरभर न वाचता येणारा प्रेक्षक दहाव्या मिनिटाला चाचपडू लागतो, मध्यंतराला उठून जातो, आणि आपल्यालाच सिनेमा कळत नाही असे समजतो. हा दोष त्याचा नाही. मराठी उपशीर्षके करणे हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे हे मान्य, पण वर्षाला निदान चार-पाच चित्रपटांपासून सुरुवात व्हायला हवी. महाराष्ट्रातल्या इतर कुठल्याही महोत्सवाच्या आधी हे कोल्हापूरने करावे अशी माझी तीव्र इच्छा आहे.

पुरस्कारांविषयीही थोडे मत मांडतो. स्पर्धेचा पुरस्कार आणि सन्मानाचा पुरस्कार यांची जात वेगळी. स्पर्धेत परीक्षक चुकू शकतात, त्यांनी चुकावेसुद्धा; वाद झाला तर चित्रपटांविषयी बोलणे तरी होते. सन्मान मात्र विचाराने द्यावा लागतो. बाबूरावांच्या नावाने होणारा सन्मान अशा दिग्दर्शकाचा असावा ज्याने हाताशी असलेल्या साधनांत नवे काही घडवले. नुसती दीर्घ कारकीर्द पुरेशी नाही. आणि आनंदरावांच्या नावाचा पुरस्कार तर मला अधिक मोलाचा वाटतो. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन यांतली माणसे श्रेयनामावली सरकू लागली की अंधारात जातात, कारण तेव्हा प्रेक्षक दाराकडे निघालेला असतो. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आज मालिकांचे चित्रीकरण चालते. तिथे दिवे ओढणारी, रूळ टाकणारी, सेट ठोकणारी कोल्हापूरची मुले आहेत. आपल्या गावात कारागिराच्या नावाने व्यासपीठावर शाल दिली जाते, हे त्या मुलांनी समोर बसून पाहायला हवे. त्यांच्यासाठी ओळखपत्रे राखून ठेवणे संयोजकांना जड जाऊ नये.

२०२४ च्या ८ ऑगस्टला केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळी बांधलेले, मूळचे पॅलेस थिएटर. ज्या केशवरावांसाठी पेंटर बंधूंनी पडदे रंगवले त्यांच्या नावाची ही वास्तू त्यांच्याच जयंतीच्या आदल्या रात्री आगीत सापडली. त्या रात्री गावातली माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठीही हेच लोक रस्त्यावर बसले होते. वास्तूंवर एवढा जीव असलेल्या गावाने आता फिल्मवरही तेवढाच जीव लावावा.

म्हणून संयोजकांना एक सुचवून ठेवतो. ‘मुरलीवाला’चे जे भाग शिल्लक आहेत ते संग्रहालयाकडून रीतसर मागवावेत आणि त्यांच्या खेळाने महोत्सवाचे उद्घाटन करावे. मूकपटासोबत त्या काळी पेटी-तबल्याची साथ असे. गायन समाज देवल क्लबच्या या शहरात साथीला बसणाऱ्या कलावंतांची वाण नाही. पडद्याशेजारी त्यांची बैठक मांडावी, तबला जुळवून घ्यावा, आणि १९२७ सालचे ते रीळ ज्या गावात टिपले गेले तिथल्या प्रेक्षकांपुढे लावावे.